रोल हेम वळत नाही? आधी दांडी बघा, डायल नंतर

लग्नसराई जवळ आली की पत्रांचा सूर बदलतो. ब्लाउजच्या कटोऱ्या मागे पडतात आणि ओढण्या, घागरे, पदर यांच्या काठांच्या तक्रारी सुरू होतात. या वेळी आलेली जवळजवळ सगळी पत्रं ओव्हरलॉक मशीनवरच्या (कड पात्यानं कापत कापत शिवणारं मशीन) रोल हेमबद्दल, म्हणजे कड आत गुंडाळून केलेल्या बारीक काठाबद्दल आहेत, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आहेत.

ताई, घरच्यासाठी चार दोऱ्यांचं ओव्हरलॉकर घेतलं. जॉर्जेटच्या ओढणीला रोल हेम करायला बसले, पण काठ गुंडाळतच नाही, साधं इंटरलॉक केल्यासारखा सपाट राहतो. व्हिडिओत सांगितलं तसं लोअर लूपरचं टेन्शन वाढवत ९ वर नेलं. आता दोरा तुटतोय, काठ मात्र वळत नाही.
— एक वाचक, सातारा

डायलवरचा हात काढा आणि सगळी टेन्शनं, म्हणजे दोऱ्यांचे ताण, ४ वर आणून ठेवा. तुमचा घोळ टेन्शनचा नाही.

मशीनचा प्लग काढा, पुढचं झाकण उघडा आणि सुई जिथे प्लेटमध्ये उतरते तिथे नीट बघा. सुईच्या उजव्या बाजूला प्लेटवर तारेसारखी एक बारीक दांडी दिसेल. माहितीपुस्तकात तिला स्टिच फिंगर म्हणतात. लूपर म्हणजे बॉबिनऐवजी दोरा फिरवणारे धातूचे दोन हात, अप्पर वरचा आणि लोअर खालचा. त्यांचे दोरे या दांडीभोवती गुंडाळले जातात आणि मग टाका मागे सरकून तिच्यावरून उतरतो. ती दांडी आहे तोवर कापडाची कड ताणून सपाट राहणार. तुम्ही टेन्शन ९ वर न्या नाहीतर डायल उपटून काढा, कड वळायची नाही. रोल हेमसाठी ही दांडी बाजूला झाली पाहिजे. काही मशीनवर प्लेटजवळ एक खटका असतो, तो एस वरून आर वर सरकवला की दांडी मागे जाते. काहींत ती सुटी असते, ओढून काढायची आणि झाकणाच्या आतल्या खाचेत ठेवायची. काही जुन्या मशीनना अख्खी प्लेटच बदलावी लागते. तुमच्या मशीनला यातलं काय लागू आहे ते पुस्तकात दोन मिनिटांत सापडेल.

दुसरं, डावी सुई काढा. चार दोऱ्यांच्या मशीनवर रोल हेम तीन दोऱ्यांवर होतं आणि ते उजव्या सुईनं. डावी सुई काढल्यावर तिचा स्क्रू हलकासा आवळून ठेवा, नाहीतर थरथरीनं तो कुठे पडला ते शोधत बसाल. उजव्या जागी जॉर्जेटसाठी ७० नंबरची नवी सुई लावा. मशीनसोबत बहुतेक वेळा ९० ची येते, ती जाड पडते.

आता पातं. माझ्या मते सगळा खेळ इथे आहे आणि इथेच कुणी बघत नाही. सुई आणि पातं यांच्यामध्ये जेवढं कापड उरतं तेवढंच टाक्याच्या आत वळतं. कटिंग विड्थचा डायल अगदी कमीवर नेला तर वळायला कापडच उरत नाही आणि दोऱ्याची पोकळ नळी तयार होते. जास्त ठेवला तर कापड आत कोंबलं जातं, काठ जाड आणि ताठ होतो. तयार काठ दीड-दोन मिलिमीटरचा हवा. मशीनच्या सगळ्यात लहान आकड्यापासून सुरुवात करा आणि तिथून थोडं थोडं वाढवा. शिवताना कड पात्याला घासून नेऊ नका. तीन-चार मिलिमीटर जास्तीचं कापड ठेवून ते कापत कापत जा. पात्याला खायला काही नसलं की कड वेडीवाकडी वळते.

टाक्याची लांबी १ ते १.५, काही मशीनवर तिथे आर किंवा एफ असं अक्षर असतं. डिफरन्शियल फीड, म्हणजे खालचे पुढचे-मागचे दाते कापड किती सरकवतात त्याचं प्रमाण, १ वर. जॉर्जेट चुण्या पाडायला लागलं तर ०.८ पर्यंत खाली आणा.

हे सगळं झाल्यावर टेन्शन. तीन दोरे तीन रंगांचे घाला: सुईत पांढरा, अप्पर लूपरमध्ये लाल, लोअर लूपरमध्ये निळा. लोअर लूपर ७ वर न्या, बाकीचे ४ वरच राहू देत आणि ओढणीच्याच कापडाच्या पट्टीवर वीतभर शिवून बघा. वरून सगळा लाल दिसला पाहिजे. पट्टी उलटवली की लाल कडेवरून वळून मागे आलेला हवा आणि निळा दोरा सुईच्या रेषेलगत सरळ, ताठ रेघ होऊन बसलेला हवा. निळा अजून नागमोडी असेल तर लोअर लूपर अर्ध्या आकड्यानं वाढवा. लाल मागपर्यंत पोचत नसेल तर अप्पर लूपर थोडा सैल करा. मागे पांढऱ्याचे फास लोंबत असतील तर सुईचा दोरा आवळा. एका वेळी एकच डायल, अर्धा आकडा, पुन्हा वीतभर. दोन डायल एकदम फिरवले की कशानं काय झालं ते ब्रह्मदेवालाही कळत नाही. आकडे जमले की पट्टीवरच पेनानं लिहून पट्टी मशीनच्या डब्यात टाका. माझ्या क्लासातल्या मुलींकडे अशा पट्ट्यांची वहीच असते.

एक लक्षात ठेवा, नमुन्याची पट्टी ओढणीच्या दोन्ही दिशांनी कापा, एक लांबीत आणि एक रुंदीत. ताणा-बाणा वेगळा असल्यानं एकाच सेटिंगवर दोन बाजू वेगळ्या वळतात. ओढणीच्या कोपऱ्यावर वळण घेऊ नका. टोकापर्यंत सरळ शिवा, पुढे पाच-सहा सेंटीमीटर रिकामी साखळी सोडा, दोरा कापा आणि दुसरी बाजू नव्यानं सुरू करा. उरलेली साखळी बोथट टोकाच्या जाड सुईत ओवून काठाच्या पोटात दोन-तीन सेंटीमीटर ओढून घ्या आणि टोक छाटा. चिकटवायची गरज पडत नाही.

मी मलमलच्या ओढण्या करून विकते. रोल हेम दिसायला सुंदर होतं, टाका दाट बसतो. पण एका गिऱ्हाइकानं पहिल्याच धुण्यानंतर ओढणी परत आणली. काठ दोरीसारखा सुटून हातात आला होता. टाका १ वर आहे, सुई मशीनसोबत आलेली.
— एक वाचक, इचलकरंजी

तुमच्या पत्रातच उत्तर आहे. ९० नंबरची सुई म्हणजे ०.९ मिलिमीटर जाडीची सुई. तुम्ही ती दर १ मिलिमीटरला टोचताय. मग दोन भोकांमध्ये कापड उरलं किती? पोस्टाच्या तिकिटाच्या कडेला असतात तशी भोकांची ओळ तुम्ही स्वतःच पाडून दिलीत, धुण्यानं फक्त ती फाडली.

सुई ७० ची करा आणि टाका १.५ ते २ वर न्या. ‘दाट दिसणार नाही’ म्हणाल, तर दाटपणा टाक्यानं आणू नका, दोऱ्यानं आणा. अप्पर लूपरमध्ये फुललेला वुली नायलॉनचा दोरा घाला. तो सैल असला की पसरतो आणि दोन टाक्यांमधली जागा भरून काढतो. त्याचं टेन्शन बरंच कमी करावं लागेल, कारण तो ताणला जातो आणि आवळला की काठ आखडतो. इस्त्री मात्र मध्यम ठेवा, नायलॉन आहे.

मलमलची वीण विरळ असते, म्हणून पातंही अर्धा-एक मिलिमीटर बाहेर न्या. काठाच्या पोटात जितके जास्त धागे जातील तितकी पकड. कापडाला आधी हलकी खळ देऊन इस्त्री केलीत तर पातं स्वच्छ कापेल. आणि मलमल आधी धुऊनच कापा. कापड आटतं, पॉलिस्टरचा दोरा आटत नाही, मग चांगला शिवलेला काठही लाटा घेऊन बसतो.

माल देण्याआधी काठ आणि कापड दोन्ही अंगठ्यांच्या नखांत धरून विरुद्ध दिशांनी ओढा. सुईच्या रेषेत उजेड दिसायला लागला तर ती ओढणी विकू नका.

ऑरगंझाच्या साडीला पदराकडून रोल हेम केलं, तर काठातून मिशीच्या केसांसारखे ताठ धागे बाहेर येतात. कात्रीनं छाटले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा दिसतात. गिऱ्हाईक पैठणीही देणार आहे, तिचं याच पद्धतीनं करू का?
— शिवणकाम करणारी वाचक, नाशिक

साडीच्या लांब बाजूंना किनार असते, तिथे काही करावं लागत नाही. आपण शिवतो ती दोन आखूड टोकं, आणि तिथे ताण्याचे सगळे धागे तोडलेले असतात. ऑरगंझाचा धागा पीळदार आणि ताठ असतो, वाकायला तयार नसतो. जो वाकला नाही तो टाक्यांच्या फटीतून बाहेर डोकावतो. छाटून उपयोग नाही, कारण आतला भाग अजून सरळच आहे.

पहिला उपाय पुन्हा पात्याचाच. अर्धा मिलिमीटर जास्त कापड आत घ्या. धाग्याचं टोक लांब असलं की ते वळून पलीकडे जातं, आखूड असलं की उभं राहतं. लोक उलट करतात, धागे दिसले की काठ आणखी अरुंद करतात, आणि मग मिशा वाढतात. पात्याची धारही बघा. बोथट पातं कापत नाही, चावतं, आणि चावलेली टोकं विस्कटतात. अप्पर लूपरमध्ये वुली दोरा इथेही कामाला येतो.

एवढं करून भागलं नाही, तर मशीन एम्ब्रॉयडरीवाले वापरतात ती पाण्यात विरघळणारी पारदर्शक फिल्म आणा. तिची बोटभर रुंद पट्टी कापडाच्या कडेवर ठेवून दोन्ही एकत्र शिवा. फिल्म धाग्यांना दाबून आत वळवते. शिवून झालं की ती काठालगत सुकीच फाडून टाका. पाणी लावायला जाऊ नका, साडीला डाग पडला तर काय करणार?

पैठणीला मात्र ओव्हरलॉक लावू नका. जरीची तार पात्याची धार घालवते. शिवाय हजारोंच्या पदराला मशीननं कापून काढणं माझ्या मनाला पटत नाही. पैठणीचं टोक हातानं बारीक दुमडून, रेशमी दोऱ्यानं तुरपाई करा, नाहीतर गोंडे घाला. मजुरी जास्त सांगा, गिऱ्हाईक देईल.

लोअर लूपरचा दोरा ओवून दोन टाके झाले की तुटतो. दोऱ्याचा नवा कोन आणला, तरी तेच.
— एक वाचक, परभणी

सुईतला दोरा आधीपासून ओवलेला ठेवून तुम्ही फक्त लोअर लूपर ओवताय. त्यामुळे लूपरचा दोरा सुईच्या दोऱ्यात अडकतो आणि पहिल्याच फेरीत तुटतो. सुईचा दोरा सुईतून काढा, लोअर लूपर ओवा, त्याचं टोक प्लेटवर आणून मशीनच्या पायाखालून (कापड दाबून धरतो तो भाग) मागे घ्या आणि मग सुई ओवा. नवं ओवताना क्रम अप्पर लूपर, लोअर लूपर, शेवटी सुई. ओवताना पाय वर उचललेला हवा, तरच बहुतेक मशीनमध्ये टेन्शनच्या चकत्या उघडतात आणि दोरा त्यांच्यामध्ये नीट बसतो.

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मुलींचे फ्रॉक शिवायचे आहेत. होजियरीच्या फ्रॉकला तो लाटालाटांचा काठ कसा करतात? आणि नेटच्या झालरीला तोच काठ जमत नाहीये.
— एक शिक्षिका, रत्नागिरी

होजियरीला सोपं आहे. रोल हेमचं सगळं सेटिंग तसंच ठेवा, फक्त डिफरन्शियल फीड ०.७ वर आणा आणि टाका १ च्या आसपास ठेवा. सुई गोल टोकाची, ७५ नंबरची. मग पायाच्या पुढे एक हात आणि मागे एक हात धरून कापड ताणत शिवा. ताणलेल्या कडेवर टाके दाट बसतात आणि सोडलं की तिला परत आखडायला जागा नसते, म्हणून ती लाटा घेते. पुढून-मागून सारखं ताणा. मागूनच ओढलंत तर सुई वाकून प्लेटवर आपटेल. कापड आडवं कापा, होजियरी त्या दिशेनं जास्त ताणते. न्यूयॉर्कचे डिझायनर स्टीफन बरोज यांनी १९७० च्या दशकात जर्सीच्या पोशाखांवर हा काठ गाजवला. तोवर वेडावाकडा काठ म्हणजे शिंप्याची चूकच धरली जायची.

नेट ताणलं जात नाही, म्हणून तिथे ही युक्ती चालत नाही. तिथे तुमच्या गावात कोपऱ्यावर मिळणारी वस्तू वापरा: मासे धरायची नायलॉनची तंगूस. साधारण अर्ध्या मिलिमीटर जाडीची घ्या, फार जाड घेतली तर मुलींच्या पायाला टोचते. तंगुशीचं टोक पायाखालून मागे वीतभर सोडा आणि ती नेटच्या कडेवर अशी धरा की सुईच्या उजवीकडे आणि पात्याच्या डावीकडे राहील. सुईखाली आली तर सुई मोडेल, पात्याखाली गेली तर तंगूस तुटेल. म्हणून सुरुवातीचे पाच-सहा टाके हातानं चाक फिरवून घ्या. अप्पर लूपरचा दोरा तिला गुंडाळत जाईल. शेवटीही वीतभर जास्तीची तंगूस सोडून कापा. नंतर नेट तंगुशीवर बोटांनी पसरवत न्या, लाटा आपोआप उभ्या राहतात. जास्तीची टोकं लगेच छाटू नका, पसरवताना काठ लांबतो आणि तंगूस आत ओढली जाते. सगळं पसरवून झालं की टोकं मेणबत्तीजवळ नेऊन वितळवा, गोळी झाली की टोचत नाहीत. नेट मात्र ज्योतीपासून लांब धरा.

नणंदेनं अमेरिकेहून तिचं जुनं ओव्हरलॉकर पाठवलंय. प्लगचा अॅडॉप्टर लावून सुरू करू का?
— एक वाचक, डोंबिवली

अजिबात नाही. मशीनच्या मागच्या पट्टीवर १२० व्होल्ट लिहिलेलं असेल, आपल्या घरात २३० येतात. अॅडॉप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. मोटर आणि पायातलं पॅडल, दोन्ही जळतील. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, मशीनवर लिहिलेल्या वॉटच्या दुप्पट क्षमतेचा. आणि पेटीत ती सुटी दांडी किंवा रोल हेमची प्लेट आली आहे का ते नणंदेला आजच विचारा. जुन्या मशीनची हीच वस्तू हमखास मागे राहते.

युनिफॉर्मच्या कामाचं तीन दोऱ्यांचं इंडस्ट्रियल ओव्हरलॉक आहे. त्याच्यावर ओढण्यांची कामं घेता येतील का? खटका कुठे दिसत नाही.
— एक टेलर, सोलापूर

खटका नसतोच. त्या मशीनवर टाक्याची रुंदी प्लेटवरच्या जिभेनं, म्हणजे वर सांगितलेल्या दांडीनं, ठरते आणि ती पक्की असते. रोल हेमसाठी अरुंद जिभेची प्लेट आणि तिला जुळणारा पाय बसवावा लागतो, लूपर पुन्हा लावून घ्यावे लागतात. मेकॅनिकचं काम आहे. रोज बदलायचं म्हणाल तर परवडणार नाही. ओढण्यांचं काम भरपूर असेल तर त्यासाठी जुनं दुसरं मशीन घेऊन ते कायम रोल हेमवर लावून ठेवा.

घरबसल्या साडी फॉल-पिकोचं काम सुरू करायचंय. पिको मशीन घेऊ की ओव्हरलॉकर? आणि प्रत्येक साडीला तीन-तीन दोरे बदलायचे का?
— एक वाचक, अहिल्यानगर

नुसतं फॉल-पिकोच करायचं असेल तर पिको मशीन. त्यात पातं नसतं. सुई डावी-उजवी झुलते, एक टाका कापडात आणि एक कडेच्या बाहेर, त्या ओढीनं कड आत गुंडाळली जाते. गिऱ्हाइकाची साडी कापली जाण्याची भीती नाही. खालून बॉबिन असते, म्हणजे वरचा रीळ आणि बॉबिन मिळून दोनच दोरे. ओव्हरलॉकर तेव्हा घ्या, जेव्हा तुम्ही ओढण्या, घागरे, फ्रॉक, कुर्ते असं सगळंच शिवता आणि आतल्या शिलाईलाही ते कामाला येणार आहे.

दोऱ्यांची काळजी करू नका. रोल हेममध्ये दिसतो तो अप्पर लूपरचा दोरा. सुईचा बारीक ठिपक्यांसारखा आणि लोअर लूपरचा मागे एक रेघ. म्हणून सुई आणि लोअर लूपरला फिकट राखाडी घालून ठेवा, गडद साड्यांसाठी काळपट राखाडी, आणि साडीगणिक अप्पर लूपरचा एकच कोन बदला. पूर्ण उपसून पुन्हा ओवू नका. जुना दोरा कोनाजवळ कापा, नव्याला छोटी पक्की गाठ मारा, पाय उचला आणि गाठ लूपरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत दोरा हळूच ओढा. मग पाय खाली टाकून चिंधीवर वीतभर शिवा आणि साडी लावा.